सरासरी भाव

(६ जानेवारी, पत्रकार दिनी, बाळशास्त्री जांभेकर यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लासलगावच्या बाजार समितीत सकाळी कांद्याचे ट्रॅक्टर रांगेने लागतात. शेतकरी स्वतः ट्रॉलीत चढून उभा असतो, कांदा हाताने खालीवर करून दाखवतो, आणि व्यापाऱ्यांचा घोळका बोली पुकारत एका वाहनाकडून पुढच्या वाहनाकडे सरकतो. लिलाव संपला की दिवसाचे तीन आकडे जाहीर होतात: किमान, कमाल आणि सरासरी. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ठळक छापला जातो तो बहुतेक वेळा तिसरा. पण नेमका तेवढाच भाव पदरात पडलेला शेतकरी आवारात शोधू गेले तर भेटेलच असे नाही. कुणाची गोलटी, म्हणजे बारीक कांदा, त्याच्या निम्म्याने गेलेली असते, तर कुणाच्या चाळीत नीट टिकलेल्या, एकसारख्या उन्हाळ कांद्याला त्याहून बराच वर भाव मिळालेला असतो.

बारावीचा निकाल लागला की ‘सरासरी विद्यार्थी’ हे शब्दही असेच फलकावर चढतात. निफाड तालुक्यातल्या एखाद्या गावातली मुलगी डोळ्यांपुढे आणावी. कला शाखा, ६१ टक्के. मराठीत चांगले गुण, इंग्रजीत जेमतेम. घरी दोन-अडीच एकर, बापाची कांदाचाळ. तिला पत्रकार व्हायचे आहे. घरचे म्हणतात, पोलीस भरतीची तयारी कर. काका म्हणतो, पुण्याला पाठवू, पण तिथे एवढ्या टक्क्यांवर कोण घेणार? ही मुलगी कल्पनेतली आहे. तिचे प्रश्न मात्र दर जूनमध्ये महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यात खरोखर विचारले जातात, आणि त्यांची उत्तरे बहुधा जाहिरातींतून मिळतात. आजचे व्याख्यान त्या प्रश्नांसाठी आहे.

बाळशास्त्रींच्या स्मरणदिनी प्रवेशअर्जांची चर्चा कशाला, असे कुणाला वाटेल. बाळशास्त्रींनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र काढले, ते एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी मजकूर घेऊन. ते जसे संपादक होते तसेच हाडाचे शिक्षकही होते. एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी शिकवले, शिक्षक घडवण्याच्या कामातही ते होते. पस्तिशीच्या आतबाहेर, १८४६ साली ते गेले. पत्रकार कुठे आणि कसा शिकतो हा प्रश्न त्यांच्या नावाशी जोडण्यात काही वावगे नाही.

पत्रकारिता वर्गात शिकवण्याची कल्पना आपल्याकडे तशी अलीकडची. अविभाजित पंजाबात, लाहोरला, १९४१ साली विद्यापीठात पहिला विभाग सुरू झाला. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाने १९५२ साली अमेरिकन प्राध्यापक रोलंड वूल्सली यांच्या मदतीने विभाग उभा केला. पुणे विद्यापीठाचा विभाग, ज्याला सगळे रानडे इन्स्टिट्यूट म्हणतात, १९६४चा. दिल्लीची आयआयएमसी म्हणजे भारतीय जनसंचार संस्थान १९६५ची. त्याआधीची सव्वाशे वर्षे मराठी पत्रकार घडले ते छापखान्यात, चळवळीत आणि शाळेच्या वर्गात. १९१० साली मुकुंदराव पाटलांनी सुरू केलेले ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून निघत राहिले, १९६७पर्यंत. खेड्यातून निघणारे पत्र इतकी वर्षे टिकले, कारण संपादकाला आपला वाचक कोण आहे ते ठाऊक होते. मागच्या पिढीत नाव घ्यावे ते पी. साईनाथ यांचे. त्यांचे शिक्षण इतिहासाचे. दुष्काळी जिल्ह्यांत महिनोन्‌महिने हिंडून त्यांनी जे लिहिले त्याचे पुस्तक १९९६ साली आले, आणि २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणून महाविद्यालय नकोच, असे कुणी समजू नये. तो काळ गेला. आज कुठल्याही वृत्तपत्राच्या किंवा वाहिनीच्या दारात पदवी विचारली जाते, आणि अभ्यासक्रमातून मिळणारी ओळखपाळख खरोखर कामाला येते. मुद्दा एवढाच की पत्रकारितेत महाविद्यालयाचे नाव वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीइतके निर्णायक नाही. तिथे माणूस पदवीवरून जोखला जातो. इथे संपादक पहिल्या महिन्यातच दोन बातम्या लिहायला सांगतो आणि त्यावरून माणूस जोखतो. तेव्हा ६१ टक्केवाल्या मुलीने महाविद्यालयाला विचारावा असा पहिला प्रश्न हाच: इथे तीन वर्षांत माझ्या हातून किती बातम्या लिहून होतील, आणि त्या कोण तपासेल?

आता प्रत्यक्ष वाटा पाहू.

मुंबई विद्यापीठाचा बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया) अभ्यासक्रम सर्वांना माहीत आहे. २०१९-२० पासून त्याचे नाव बीएएमएमसी झाले. इथे एक बारीक गोष्ट घरी कुणी सांगत नाही. तृतीय वर्षाला तिथे जाहिरात आणि पत्रकारिता अशा दोन वाटा फुटतात, आणि काही ठिकाणी पत्रकारितेला पुरेसे विद्यार्थी नसले तर ती तुकडी चालतच नाही. पत्रकार व्हायला गेलेली मुलगी जाहिरात शिकून बाहेर पडते. जाहिरात हे वाईट काम नव्हे. पण ते तिने निवडलेले काम नव्हे. प्रवेश घेण्याआधी कार्यालयात थेट विचारावे: गेल्या वर्षी पत्रकारितेची तुकडी भरली होती का?

दुसरी गोष्ट शुल्काची. नामांकित अनुदानित महाविद्यालयातही हा अभ्यासक्रम विनाअनुदानित असतो. त्याच इमारतीत, शेजारच्या वर्गात बीए करणाऱ्याचे शुल्क आणि हिचे शुल्क यांत मोठी तफावत असते. त्यावर मुंबईतली खोली किंवा पेइंग गेस्ट, डबा, लोकलचा पास. शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरताना आपला अभ्यासक्रम त्या योजनेत बसतो की नाही, हे प्रवेशानंतर कळून उपयोग नसतो.

आणि कटऑफ. कटऑफची यादी वाचायची कशी हे कुणी शिकवत नाही, म्हणून कितीतरी मुले पहिली यादी पाहूनच घरी बसतात. यादी उघडली की आधी शाखा पाहावी. कला, वाणिज्य आणि विज्ञान यांच्या जागा वेगळ्या, त्यामुळे एकाच महाविद्यालयात तीन निरनिराळे आकडे दिसतात. मग प्रवर्ग. मग त्याच महाविद्यालयाच्या कनिष्ठ विभागातल्या मुलांचा इनहाऊस कोटा, अल्पसंख्याक संस्था असेल तर तिचा कोटा. एवढे वजा करून उरते ती आपली रांग. पहिल्या यादीत त्या रांगेचा आकडा ८५ असला तरी निराश व्हायचे कारण नाही, कारण वरची मुले तीन ठिकाणी नाव लावून एकीकडे जातात आणि शेवटच्या यादीपर्यंत आकडा उतरत येतो. किती उतरतो ते गेल्या दोन-तीन वर्षांच्या शेवटच्या याद्या मांडून पाहिले की दिसते. तो शेवटचा आकडा आपल्या टक्क्यांच्या आसपास असेल तर ते महाविद्यालय आपल्या आवाक्यातले. तो दहा-पंधरा टक्के वर असेल तर अर्ज भरावा, पण त्यावर सहा महिने काढू नयेत. सेंट झेवियर्ससारखी स्वायत्त महाविद्यालये आपली प्रवेशप्रक्रिया वेगळी चालवतात; त्यांच्या तारखा निकालाच्या गडबडीत हुकतात, त्या आधीच लिहून ठेवाव्यात.

पुण्यातल्या मोठ्या खासगी संस्थांचे शुल्क वर्षाला लाखांत जाते. तिथे शिक्षण चांगले मिळते, यंत्रसामग्री चांगली असते, इंग्रजी माध्यमांची दारे उघडतात. घरची ऐपत असेल तर खुशाल जावे. मात्र शैक्षणिक कर्ज काढून जाणाऱ्या मुलीला व्याख्यात्याचे स्पष्ट सांगणे आहे: थांब. या व्यवसायात सुरुवातीचे पगार तुटपुंजे असतात. पत्रकारांच्या वेतनासाठी १९५५ साली कायदा झाला, मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. तरीही नव्या मुलांना बहुतेक ठिकाणी कंत्राटावरच घेतले जाते. तालुक्याच्या वार्ताहराला तर अनेक ठिकाणी पगार नसतो, मानधन असते, आणि दिवाळी किंवा १५ ऑगस्ट आला की जाहिराती गोळा करण्याचे उद्दिष्ट हाती पडते. डोक्यावर हप्ता असलेला नवा बातमीदार ‘ही जाहिरातदाराची बातमी आहे, मी लिहिणार नाही’ असे म्हणू शकत नाही. कर्ज त्याच्या लेखणीत शिरते. ही गोष्ट पैशापेक्षाही मोठी आहे, म्हणून ती इथे जोर देऊन सांगितली.

दिल्लीची वाट २०२२ पासून बदलली. केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश आता सीयूईटी या परीक्षेवर होतात आणि ती परीक्षा १३ भाषांत देता येते, मराठीतही. म्हणजे बारावीचे ६१ टक्के तिथे अडसर ठरत नाहीत. परीक्षेतले गुण ठरवतात. दिल्ली विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या जागांसाठी चुरस जबरदस्त असते. पण याच परीक्षेतून महाराष्ट्रातलेच एक केंद्रीय विद्यापीठ गाठता येते, वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय, १९९७चे. तिथे जनसंचार शिकवतात. हिंदीत लिहिण्याची तयारी असलेल्या मराठी मुलांना ते क्वचितच कुणी सुचवते. भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठही विदर्भ-खानदेशातल्या मुलांना तितके लांब नाही.

एवढे फिरून झाल्यावर निफाडच्या मुलीने आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. नाशिकच्या एचपीटी महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच, गोवर्धन शिवारात, आणि त्यांचे वृत्तपत्रविद्येचे अभ्यासक्रम काम सांभाळून करता येतात. लासलगाव आणि निफाड ही दोन्ही स्थानके मुंबई-भुसावळ मार्गावर आहेत; सकाळी पंचवटी एक्सप्रेस मनमाडहून निघून इथे थांबत नाशिकरोडला जाते, तिथून पुढे सिटीलिंकची बस. पास काढून शिकणारी मुले या गाडीला काही नवीन नाहीत. अशीच सोय कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथल्या विद्यापीठांच्या विभागांमुळे त्या त्या भागातल्या मुलांना आहे. घरचे जेवण, ओळखीचे रस्ते, आणि खोलीभाड्याचा वाचलेला पैसा.

आणखी एक वाट आहे, जी व्याख्यात्याला मनापासून पटते. पदवी पत्रकारितेची घ्यायचीच नाही. जवळच्या अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा इतिहास घेऊन बीए करायचे, ती तीन वर्षे कसून वाचायचे आणि लिहायचे, आणि मग पदव्युत्तर पातळीवर पत्रकारितेकडे वळायचे. रानडेत कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेशपरीक्षा देऊन जाऊ शकतो. आयआयएमसीचे अमरावतीला २०११ पासून केंद्र आहे आणि मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका तिथेच शिकवली जाऊ लागली. मुंबईत विद्यापीठाची गरवारे इन्स्टिट्यूट आणि आझाद मैदानाजवळचा मुंबई मराठी पत्रकार संघ नोकरी करणाऱ्यांनाही शिकवतात. या सगळ्या ठिकाणी बारावीच्या ६१ टक्क्यांना फारसे कुणी विचारत नाही. मधल्या तीन वर्षांत मुलगी काय झाली ते पाहिले जाते. अठराव्या वर्षी सरासरी ठरलेल्या विद्यार्थ्याला ही दुसरी संधी आहे, आणि ती वापरायची असेल तर पहिल्या टप्प्यावर पैसे संपवून चालत नाही. अर्थशास्त्र शिकलेला बातमीदार जिल्हा बँकेचा ताळेबंद वाचू शकतो. मराठी वृत्तसंपादकांना तशा माणसांची गरज आज नेहमीपेक्षा जास्त आहे.

महाविद्यालय प्रत्यक्ष पाहायला जावे. माहितीपुस्तिकेवरचा स्टुडिओ पाहू नये. त्यातला कॅमेरा कुलपात आहे की विद्यार्थ्यांच्या हातात, ते पाहावे. विभागात गेल्यावर प्रायोगिक अंक मागावा. जवळजवळ प्रत्येक पत्रकारिता विभाग विद्यार्थ्यांकडून एखादे प्रायोगिक वृत्तपत्र किंवा नियतकालिक काढून घेतो, निदान तसे सांगतो. शेवटचा अंक कोणत्या महिन्याचा? त्यात प्राचार्यांचे मनोगत, वार्षिक स्नेहसंमेलनाचे फोटो आणि संतांवरचे लेख आहेत, की शहरातल्या पाण्याची, बसची, वसतिगृहाची बातमी आहे? बातमीत किती माणसांची नावे आणि किती आकडे आहेत? एका अंकाच्या चार पानांत विभागाचे सगळे सांगून होते. मग वाचनालयात जावे. रोजची वर्तमानपत्रे लावलेली आहेत का, आणि त्यांची पाने उलटून उलटून मऊ झाली आहेत का? मग एखाद्या तृतीय वर्षाच्या मुलाला जिन्यात थांबवून विचारावे, तुझी कुठली बातमी छापून आली? शिकवणाऱ्यांपैकी एक तरी माणूस वर्तमानपत्रात किंवा वाहिनीत काम केलेला, किंवा अजूनही लिहिणारा असावा. रानडेत अरुण साधूंसारख्या पत्रकार-कादंबरीकाराने विभागप्रमुख म्हणून काम केले, त्याचा अर्थ तिथून बाहेर पडलेल्या मुलांना विचारावा.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे लिहिले असेल तर यादी मागावी, आणि यादीत पदाचे नाव वाचावे. बातमीदार किती, उपसंपादक किती, आणि समाजमाध्यमांसाठी कंपन्यांच्या पोस्ट लिहिणारे किती. पदवी कोणत्या विद्यापीठाची हे छापील कागदावर पाहावे. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी जाहीर करते, ती पाहायला पाच मिनिटे लागतात.

अर्ज भरायला एक उडी मारून गाठायचे महाविद्यालय, दोन पायरीने चढता येतील अशी आणि एक घरच्या ओसरीवरचे, अशी चार नावे पुरतात. वीस ठिकाणी अर्ज भरणारी मुले प्रत्येक ठिकाणचे शुल्क भरून थकतात आणि शेवटी सगळ्यात आधी फोन करणाऱ्या संस्थेत जातात.

आणि आता त्या मुलीच्या खऱ्या भांडवलाकडे. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले तेव्हा लासलगावला लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातबंदीच आली, ती मे २०२४मध्ये उठली. या काळात दिल्ली-मुंबईहून कितीतरी बातमीदार नाशिक जिल्ह्यात येऊन गेले. त्यांना लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांतला फरक विचारावा लागला. या मुलीला तो पाचव्या वर्षापासून माहीत आहे. लाल कांदा साठत नाही, उन्हाळ साठतो. म्हणून निर्यात कोणत्या महिन्यात बंद होते यावर कुणाचे घर बुडणार ते ठरते. चाळीत खालचा थर आधी घामेजतो, मग वास सुटतो, आणि बाप रात्री बॅटरी घेऊन चाळीत जातो, हे तिने पाहिलेले आहे. सातबारा तिने वाचलेला आहे. ग्रामसभेचा ठराव, शासन निर्णय, फेरफार ही सगळी कागदपत्रे मराठीत असतात, तिच्या भाषेत. इंग्रजी तिला शिकावेच लागेल, न्यायालयाचे निकाल आणि कंपन्यांचे अहवाल वाचण्यासाठी. दोन स्तंभांचे ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्रींनाही दोन्ही भाषा हव्याच होत्या. पण इंग्रजी तीन वर्षांत शिकता येते. कांदा तीन वर्षांत शिकता येत नाही.

तिने प्रवेशाची वाट पाहत बसू नये. साईनाथांनी डिसेंबर २०१४मध्ये सुरू केलेले ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संकेतस्थळ मराठीतही वाचता येते आणि विद्यार्थ्यांनी केलेले वृत्तांतही घेते. चित्रकूटच्या ‘खबर लहरिया’ने २००२ साली गावातल्या, बहुतेक दलित बायकांना घेऊन वर्तमानपत्र काढले, त्यांतल्या अनेकींचे शिक्षण या मुलीपेक्षा कमी होते. त्यांच्यावरचा माहितीपट पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.

जूनमध्ये बाजार समितीत जावे. लिलाव संपल्यावर एखाद्या काकांना हिशोबपट्टी दाखवायला सांगावी. किती क्विंटल, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, हातात काय आले. मग विचारावे, ट्रॅक्टरचे भाडे किती दिले, चाळीत किती कांदा सडला, बियाणे कितीचे होते. वहीच्या एका बाजूला फलकावरचा सरासरी भाव लिहावा, दुसऱ्या बाजूला या माणसाच्या घरी गेलेला आकडा. अशी पाच माणसे झाली की तीनशे शब्द लिहावेत. दुसऱ्या दिवशी पंचवटी पकडावी, नाशिकला विभागात जावे, प्रवेशाचा अर्ज मागावा, आणि अर्जाबरोबर ते तीनशे शब्द टेबलावर ठेवून विचारावे, “सर, तुमच्या अंकासाठी हे कुणाला दाखवायचं?”